उतारशाळेचा रखवालदार

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपल्या मंडळ्यांत इतक्या वेळा सांगितला जातो की, उपदेशकाने आरंभ करताच शब्बाथशाळेतील मुलेही शेवट सांगू लागतात. याजक बाजूने निघून गेला, लेवीही गेला आणि परक्या जातीच्या मनुष्याने जखमा बांधल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच गोष्टीत आणखी एक मनुष्य आहे व त्याच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. तो म्हणजे उतारशाळेचा रखवालदार. शोमरोनी दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने गेला. जखमी मनुष्य मात्र तेथेच पडून राहिला. त्याला रात्री पाणी देणे, त्याची पट्टी बदलणे, त्याचे अंथरूण झटकणे, हे पुढील सर्व दिवसांचे काम ज्याच्यावर सोपवले होते त्याचे नावही आपल्याला माहीत नाही.

शोमरोन्याने या मनुष्याशी कसा व्यवहार केला, तो पाहण्याजोगा आहे. त्याने दोन दीनार त्याच्या हाती दिले. एक दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराची दिवसाची मजुरी. शिवाय अधिक खर्च झाल्यास परत येताना तो फेडण्याचेही त्याने कबूल केले. म्हणजे सेवेचा भार सेवा करणाऱ्याच्याच माथी पडू नये, याची त्याने तजवीज केली. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील या पाठावरून आज आम्हांस एवढाच एक मुद्दा वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

आपल्या गावाचा रखवालदार कोण, हे ओळखणे कठीण नाही. रात्री दोन वाजता बाळंतिणीबरोबर गाडीत बसणारी आशाताई, उपकेंद्रातील नर्सबाई, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका चालवणारा चालक, तालुक्याच्या रुग्णालयात लादी पुसणारी मावशी, हे सर्व त्यात आले. रोगी बरा होऊन घरी आला म्हणजे आपण पेढ्यांचा पुडा घेऊन जातो तो बहुधा डॉक्टरसाहेबांकडे. त्यात वावगे काही नाही. पण ज्या बाईने सात दिवस मलमूत्राची भांडी उचलली, तिला आपण तोंडओळखीनेही नमस्कार करीत नाही. (कोठे कोठे हातावर पैसे ठेवल्यावाचून स्ट्रेचर हलत नाही, अशी तक्रार आमच्या कानी येते. ती खरी असेल तेथे वरिष्ठांकडे अर्ज करावा. लाच देणे निराळे आणि उपकार स्मरणे निराळे.)

तारीख २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता सर्व देशाने दारात व गच्चीत उभे राहून टाळ्या व थाळ्या वाजवल्या, हे वाचकांस आठवत असेल. करोनाच्या साथीत झटणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांचे ते आभार होते व ते मनापासून होते, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु त्यानंतर दोनच दिवसांनी, २४ मार्च रोजी, दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील निवासी डॉक्टरांच्या संघटनेला केंद्रीय गृहमंत्र्यांकडे पत्र लिहावे लागले. घरमालक त्यांना रोगाच्या भीतीने खोल्यांतून बाहेर काढीत होते! टाळी वाजवावयास काही खर्च पडत नाही. खोली राहू द्यावयास मात्र थोडे भय सोसावे लागते. पुढे २२ एप्रिल रोजी सरकारने साथरोग कायद्यात वटहुकुमाने दुरुस्ती करून आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांस जबर शिक्षा ठरवली. महाराष्ट्रात तर असा कायदा २०१० पासूनच आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला असून मोडलेल्या सामानाची दुप्पट भरपाई द्यावी लागते. रोगी दगावला म्हणजे शोकाच्या भरात नातलग दवाखान्याच्या काचा फोडतात, म्हणून हा कायदा करावा लागला. अशा वेळी गर्दीत आपल्या मंडळीचा एखादा वडील मनुष्य असेल, तर त्याने तरुणांचा हात धरून त्यांना बाहेर आणणे, ही त्या रात्रपाळीच्या नर्सबाईची मोठीच सेवा होईल.

संकटात पहिल्याने धावणाऱ्यांचा भार किती असतो, हे इरशाळवाडीने दाखवले. रायगड जिल्ह्यात इरशाळगडाच्या अंगाशी असलेल्या या ठाकर वस्तीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. तेथे मोटार जाण्याजोगा रस्ता नव्हता. पावसात, अंधारात, चिखलाची चढण पायीच चढावी लागली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे एक अधिकारी मदतीस जाताना त्या चढणीवरच हृदयविकाराने मरण पावले. दुसऱ्यास वाचवावयास निघालेल्या मनुष्याच्या घरीही कोणीतरी वाट पाहत असते, हे आपण विसरतो.

आशाताईंची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. २००५ साली ही योजना निघाली. परंतु त्यापूर्वी पस्तीस वर्षे, १९७० साली, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे काम आरंभले आणि पुढे खेड्यातील, बहुधा निरक्षर, पुष्कळशा दलित समाजातील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. गावाने जिला पाणवठ्यावर येऊ दिले नसते, तिच्याच हाती गावाने आपली बाळे दिली. आशाताईंना ठरीव पगार नाही. कामागणिक मोबदला मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये देशातील सर्व आशांचा गौरव केला. पण त्याच्या आदल्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील हजारो आशांना मोबदला वाढवून मागण्यासाठी संप करावा लागला होता. शाल-श्रीफळ तर मिळते, दोन दीनार कोठे आहेत, असेच जणू त्या विचारीत होत्या. ग्रामसभेत हा प्रश्न निघाला, तर आपल्या लोकांनी गप्प बसू नये.

आता खेड्यातील मंडळीस काय करता येईल, ते थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली व ती विनामूल्य आहे. गाडी बोलावल्यावर एक मनुष्य फाट्यावर बत्ती घेऊन उभा करावा, म्हणजे चालकाला अंधारात गाव शोधीत फिरावे लागत नाही. रस्त्यात अपघात दिसल्यास पोलिसांच्या भयाने पुढे जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यास संरक्षण दिले व २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातही आले. मदत करणाऱ्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. इंग्रजीत या कायद्याने त्याला जे नाव दिले आहे ते आपल्या दृष्टांतातल्या शोमरोन्याचेच होय.

रोग्यामागे पंचवीस माणसे रुग्णालयात जातात आणि रक्त मागितले म्हणजे पाचही उरत नाहीत, हे चित्र आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. अठरा वर्षांवरील, पंचेचाळीस किलोंहून अधिक वजनाच्या निरोगी मनुष्यास रक्त देता येते. पुरुषाने तीन महिन्यांनी व स्त्रीने चार महिन्यांनी पुन्हा द्यावे. घरचा रोगी बरा झाल्यावर, कोणी मागितले नसताना, रक्तपेढीत जाऊन एक बाटली देणे हे शोमरोन्याच्या परत येण्यासारखेच आहे.

हंगामाच्या उपकारस्तुतीच्या दिवशी आशाताई, चालक व मावशी यांना, ते कोणत्याही धर्माचे असोत, सभेत बोलवावे असे आम्ही सुचवतो. मात्र दिवस ठरवण्यापूर्वी त्यांच्या पाळीची वेळ विचारून घ्यावी. रात्रभर जागून आलेल्या बाईला शाल देण्यासाठी सकाळी दहा वाजता खुर्चीवर बसवावे आणि पाच वक्त्यांनी दोन तास तिच्या त्यागाचे वर्णन करावे, असा प्रकार घडू नये. भाषण एकच असावे, आणि चहा त्याच्या आधी द्यावा.