विजेचा टेम्पो

आपल्याकडची पुष्कळ माणसे पशुपतिनाथाच्या दर्शनाला नेपाळात जातात. काशी करून, गया करून काठमांडूला पोचतात. परत आली म्हणजे ती देवळाचे सांगतात, बर्फाच्या डोंगरांचे सांगतात, थंडीचे सांगतात. तिथल्या रस्त्यावरच्या टेम्पोचे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आम्ही या पाठात त्या टेम्पोचीच हकीकत सांगणार आहोत.

टेम्पो तुम्हाला ठाऊक आहे. बाजाराला कांदा न्यायचा झाला, लग्नाचे वऱ्हाड न्यायचे झाले, की आपण टेम्पो ठरवतो. टेम्पो हे मुळात एका जर्मन कंपनीचे नाव. तिच्या तीनचाकी गाडीसारखी गाडी 1958 नंतर आपल्याकडे मुंबईत आणि पुढे पुण्यात बनू लागली. मग कंपनीचे नाव गाडीलाच चिकटले. काठमांडूतही उतारू नेणाऱ्या तीनचाकी गाडीला टेम्पोच म्हणतात. पण आपण ज्याची गोष्ट ऐकणार आहोत, त्या टेम्पोला डिझेल लागत नाही. त्याला धूर नाही. तो विजेवर चालतो. त्याचे नाव सफा टेम्पो. नेपाळी भाषेत सफा म्हणजे स्वच्छ. आपण साफ म्हणतो, तोच शब्द.

धुराने भरलेली वाटी

काठमांडू शहर उंचावर आहे. समुद्रापासून सुमारे 1300 मीटर. आपल्या महाबळेश्वराची उंचीही जवळपास तेवढीच. पण महाबळेश्वर डोंगराच्या माथ्यावर आहे, आणि काठमांडू डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत आहे. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये शहर. एखाद्या वाटीच्या तळाशी वसल्यासारखे.

हिवाळ्यात रात्री तळाची हवा गार पडते. गार हवा जड असते. ती खालीच बसून राहते. तिच्यावर उबदार हवेचा थर येतो. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा तो थर बसतो. मग खाली जो धूर होईल, तो वर जायला वाटच राहत नाही. खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात ओली लाकडे पेटवली की काय होते, ते घरातल्या बायकांना विचारा. डोळे चुरचुरतात, छाती भरून येते. सगळ्या शहराचे तसे झाले होते.

हा धूर कुठून येत होता? विटांच्या भट्ट्यांतून येत होता, बस-ट्रकांतून येत होता, आणि डोळ्यांना सगळ्यांत जास्त दिसत होता तो विक्रम टेम्पोंतून. हे विक्रम टेम्पो आपल्याच देशातले. ते लखनौच्या कारखान्यात बनत. डिझेलवर चालत. दहाएक माणसे कोंबून धडधडत जात, आणि मागे काळा धूर सोडत. एखादा टेम्पो चौकात उभा असला तरी त्याचे इंजिन चालूच असे. म्हणजे माणसे नेत नव्हता तेव्हाही तो डिझेल जाळीत होता.

म्हणून काही लोक विचार करू लागले, की या टेम्पोतले इंजिन काढले आणि तिथे विजेची मोटार बसवली तर?

इंजिन काढले, मोटार घातली

1993 साली काठमांडूत एका डिझेल टेम्पोचे इंजिन खरेच काढले. एका अमेरिकन संस्थेची मदत होती. इंजिनाच्या जागी विजेची मोटार आली. डिझेलच्या टाकीच्या जागी बॅटऱ्या आल्या. पुढे 1995–96 मध्ये असे आठ टेम्पो रस्त्यावर उतरवून, त्यांत खरोखरीचे उतारू बसवून पाहिले. टेम्पो चालले. मग 1996 पासून तिथल्या तिथेच टेम्पो बांधणाऱ्या कंपन्या निघाल्या.

मोटार आणि बॅटऱ्या परदेशातून आणाव्या लागत. पण जोडणी, पत्र्याचे अंग, बाके, टप हे सगळे काम काठमांडूच्या कारागिरांचे. काही मोडले तर तिथलाच माणूस दुरुस्त करी. आम्हाला या गोष्टीतला हा भाग सगळ्यांत आवडतो. बाहेरून आलेली पुष्कळ यंत्रे आपण पाहिली आहेत. एक सुटा भाग मिळाला नाही की यंत्र कोपऱ्यात पडते आणि कोंबड्या त्यावर बसतात.

हा टेम्पो चालतो कसा, ते समजायला कठीण नाही. तुमच्या विहिरीवर मोटार असेल. बटण दाबले की ती फिरते आणि पाणी वर फेकते. टेम्पोतली मोटार जरा वेगळ्या जातीची असते, पण काम तेच. ती फिरते आणि चाके फिरवते. विहिरीवरच्या मोटारीला खांबावरून तार येते. पळत्या टेम्पोला तार कोठून आणायची? म्हणून वीज बरोबर घेऊन जायची. सुगीला धान्य पेवात भरून ठेवतात आणि लागेल तसे काढतात. बॅटरी हे विजेचे पेव. रात्री भरायचे, दिवसा काढायचे.

टेम्पो थांबला की मोटारही थांबते. उभ्या उभ्या वीज खर्च होत नाही. आवाजही नाही.

साडेतीन क्विंटलांचे ओझे

आता बॅटरीकडे नीट पाहू. खरी गोम तिथेच आहे.

सफा टेम्पोत पहिल्यापासून शिशाच्या बॅटऱ्या असत. ट्रॅक्टरला असते तीच जात, पण जास्त दमाची. एका टेम्पोला अशा 12 बॅटऱ्यांचा एक संच लागे. एक बॅटरी सुमारे 30 किलोची. बारा गुणिले तीस 360. म्हणजे साडेतीन क्विंटलांच्या वर ओझे. 50 किलोची सात पोती सतत गाडीत घालून फिरायचे, आणि शिवाय दहाबारा उतारू!

एवढे करून एका संचावर टेम्पो सुमारे 60 किलोमीटर जाई. तेवढ्यात अर्धाच दिवस संपे. म्हणून प्रत्येक टेम्पोचे दोन संच. सकाळचा संच दुपारी उतरवायचा, भरलेला दुसरा संच चढवायचा. शेतकरी दुपारी बैल बदलतो तसेच. हे काम करायला शहरात चार्जिंगची ठाणी निघाली.

शिशाची बॅटरी मोठी मानी. तिला वेळच्या वेळी शुद्ध केलेले पाणी घालावे लागते. साधे नळाचे किंवा विहिरीचे पाणी चालत नाही. त्यातल्या क्षारांनी ती बिघडते. ती पार रिकामी होईपर्यंत वापरली तर तिचे आयुष्य घटते. रिकामी करून तशीच ठेवली तर आणखी घटते. आमच्याच कार्यालयात दिवे गेल्यावर वापरायला दोन बॅटऱ्या होत्या. पाणी घालायचे काम सगळ्यांचे होते, म्हणून कोणाचेच नव्हते. एका उन्हाळ्यात दोन्ही बसल्या. तेव्हा दुसऱ्यांना शिकवताना आम्ही जरा जपूनच बोलतो.

टेम्पोचा मालक रोज पैसे मोजी तेव्हा त्याला वाटे, डिझेल नाही, मोठी बचत झाली. ती बचत खरी होती. पण दीड-दोन वर्षांत संच संपे, आणि नव्या संचाची रक्कम एकदम पुढे उभी राही. ज्याने रोज बाजूला काढले होते त्याचा टेम्पो चालू राहिला. ज्याने रोजचे रोज खर्चले त्याला कर्ज काढावे लागले, नाहीतर टेम्पो विकावा लागला.

हिशोब करून पाहू. आकडे आमचे, केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका संचाला 1,08,000 रुपये पडतात आणि तो दीड वर्ष, म्हणजे सुमारे 540 दिवस चालतो.

1,08,000 भागिले 540 = 200

म्हणजे एका संचापायी रोज 200 रुपये. संच दोन. तेव्हा रोज 400 रुपये डब्यात टाकलेच पाहिजेत. पाऊस असो, सण असो, उतारू कमी असोत.

धूर गेला, मग काय झाले?

1999 साली नेपाळ सरकारने विक्रम टेम्पोंना काठमांडूच्या खोऱ्यात बंदी केली. लोकांनी त्यासाठी मोठी ओरड केली होती. विक्रम टेम्पो खोऱ्याबाहेर गेले. आता तुम्ही म्हणाल, मग बाहेरच्या गावांना धूर झाला. बरोबर आहे. त्या गावांचे तेव्हा कोणी फारसे ऐकले नाही.

काठमांडूत सफा टेम्पो वाढले. थोड्याच काळात ते सहाशेच्या वर गेले. पण ज्यांचे विक्रम गेले त्यांना सरकारने लहान बसगाड्या आणायला जकातीत सूट दिली. त्या गाड्या पेट्रोल आणि गॅसवर चालत. त्या वेगाने धावत. सफा टेम्पोचा वेग तासाला 40 किलोमीटरच्या आसपास. चढावर तो आणखी मंदावे. उतारू घाईचे. पुढे नव्या टेम्पोंची नोंदही बंद झाली.

मग विजेनेच दगा दिला. नेपाळची स्वतःची वीज जवळजवळ सगळी नद्यांच्या पाण्यावर होते. हिवाळ्यात नद्या आटतात. 2008–09 च्या हिवाळ्यात काठमांडूत दिवसाचे सोळा सोळा तास दिवे नसत. संच भरायचे केव्हा? चार्जिंगच्या ठाण्यांवर रात्र रात्र जागून, वीज येईल तेवढ्या वेळात बॅटऱ्या अर्ध्यामुर्ध्या भरायच्या. अर्ध्या भरलेल्या बॅटऱ्या लवकर मेल्या. हे हाल 2016 नंतर सरले. त्या सालापासून शहरात वीज नीट मिळू लागली.

पण मधले एक साल विसरू नये. 2015 च्या सप्टेंबरात भारत-नेपाळ सीमेवरची वाहतूक अडली. चारपाच महिने नेपाळात पेट्रोल-डिझेल पुरेसे पोचेना. पंपांवर मैल मैल रांगा लागल्या. बसगाड्या उभ्या राहिल्या. म्हातारे झालेले, रंग उडालेले सफा टेम्पो मात्र चालत होते. नदीचे पाणी काही सीमेवर अडत नाही.

या टेम्पोंवर पुष्कळ बाया चालक आहेत. टेम्पो चालवायला सोपा, मार्ग ठरलेला, रात्री आपल्या घरी परत. नवऱ्याविना घर चालवणाऱ्या कितीतरी जणींनी याच कामावर मुले शिकवली. आजही काठमांडूत टेम्पोच्या सुकाणूवर बाई बसलेली दिसली तर कोणी वळून पाहत नाही. आपल्याकडे अजून पाहतात.

एक शंका राहिली. विजेच्या गाडीने धूर खरेच जातो, का नुसता दुसरीकडे जातो? नेपाळची वीज पाण्याची, म्हणून तिथे तो बहुतेक गेलाच. आपल्या महाराष्ट्रात पुष्कळशी वीज कोळशाची. आपल्या रस्त्यावर विजेची बस आली म्हणजे रस्त्यावरच्या मुलाच्या नाकातला धूर जातो. पण चंद्रपूरच्या, कोराडीच्या धुराड्यांतून थोडा निघतोच. तिथेही माणसे राहतात. वाऱ्यावरची आणि उन्हाची वीज जसजशी वाढेल तसतसा तोही कमी होईल. दुसरी गोष्ट, जुन्या शिशाच्या बॅटऱ्या. शिसे हे विष आहे. लहान मुलांच्या मेंदूला ते अपाय करते. म्हणून जुनी बॅटरी अंगणात फोडू नये, तिचे तेजाब जमिनीवर ओतू नये. ती विकत घेणाऱ्या दुकानदारालाच परत द्यावी. तिचे पैसेही येतात.

अलीकडे काही सफा टेम्पोंत लिथियमच्या बॅटऱ्या बसवल्या आहेत. मोबाईलमध्ये असते तीच जात. ती वजनाला हलकी, लवकर भरते, तिला पाणी लागत नाही, आणि ती जास्त वर्षे टिकते. दुपारी थोडा वेळ तारेला लावली तर दुसऱ्या संचाची गरज नाही. मात्र महाग. समजा, तिला 5,40,000 रुपये पडतात आणि ती 1800 दिवस चालते. रोजचे किती झाले? हा भागाकार तुम्ही पाटीवर करा. उत्तर 400 पेक्षा कमी येईल. मग टेम्पोवाल्या बाईने कोणती बॅटरी घ्यावी, आणि पाच लाख चाळीस हजार एकदम कोठून आणावेत, याची वर्गात चर्चा करा.