घरची शाळा आणि तिची दोन कथने : हेलन केलरच्या आरंभीच्या शिक्षणाचा तौलनिक विचार

हेलन केलरचे बालपण मराठी वाचकाला बहुधा एका प्रसंगापुरते परिचित असते. हातपंपाची धार एका हातावर पडते, दुसऱ्या तळहातावर बाई बोटांनी अक्षरे उमटवतात, आणि अंध-बधिर मुलीला वस्तूला नाव असते हे उमगते. हा प्रसंग खरा आहे. परंतु त्याच्या तेजामुळे त्याच्या मागचे आणि पुढचे शिक्षण झाकोळून गेले आहे. ते शिक्षण शाळेत झाले नाही. ते अलाबामातील टस्कंबिया या गावी घरात, बागेत आणि नदीकाठी झाले, आणि त्याचे मुख्य साधन खेळ हे होते. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ या ग्रंथात या शिक्षणाची दोन कथने शेजारी शेजारी आहेत. एक हेलनचे आत्मचरित्र. दुसरे तिची शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन हिने त्या काळात लिहिलेली पत्रे, जी संपादक जॉन मेसी यांनी निवडून ग्रंथाला जोडली. ही दोन कथने एकमेकांवर ठेवून वाचली असता खेळ आणि निसर्ग यांच्याद्वारे शिक्षण म्हणजे नेमके काय, या प्रश्नाला प्रचलित उत्तराहून वेगळे उत्तर मिळते.

१

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी झाला. एकोणिसाव्या महिन्यात आलेल्या आजारात तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती गेली. ३ मार्च १८८७ रोजी अ‍ॅन सलिव्हन केलरांच्या घरी आली तेव्हा हेलन सात वर्षांचीही नव्हती आणि शिक्षिका अवघी वीस वर्षांची होती. अ‍ॅन गरीब आयरिश स्थलांतरितांची मुलगी. बालपणीच्या नेत्ररोगाने तिची दृष्टी अधू झाली होती, आणि अनाथालयवजा दरिद्रीगृहातून ती बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत पोहोचली होती.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घेतली पाहिजे. खेळ आणि निसर्ग अ‍ॅनने आणले नाहीत. ते आधीपासूनच होते. आत्मचरित्राच्या आरंभीच्या प्रकरणांतील हेलन झुडपांच्या कुंपणाला हात लावीत चालते आणि वासावरून फुले शोधते. घरच्या स्वयंपाकिणीची कृष्णवर्णीय मुलगी मार्था वॉशिंग्टन हिच्याबरोबर ती कणीक मळते, कोंबड्यांना दाणे घालते, उंच गवतात रानकोंबड्यांची अंडी हुडकते. दोघींमध्ये खुणांची एक घरगुती भाषाही होती, आणि मार्थाला त्या खुणा समजत. तरीही हेलनचा संताप दिवसेंदिवस वाढत होता. कारण खुणांनी मागता येत असे, नाकारता येत असे. पण त्यापलीकडे फारसे काही सांगता येत नसे. अर्थात केवळ निसर्गसान्निध्य आणि केवळ क्रीडा यांनी मूल शिकते हा रम्य समज याच ग्रंथाच्या पहिल्या पानांवर खोटा ठरतो.

२

मग अ‍ॅनने कशाची भर घातली? तिच्याजवळ करपल्लवी होती. इंग्रजी वर्णमालेतील प्रत्येक अक्षरासाठी बोटांची एक ठरावीक रचना, आणि ती मुलाच्या तळहातात करून दाखवायची. पण करपल्लवी हे साधन झाले. ती पद्धत नव्हे. पद्धत हळूहळू घडली, आणि तिची घडण केवळ पत्रांतच दिसते.

आरंभी झगडा झाला. घरातील माणसे मुलीचा प्रत्येक हट्ट पुरवीत असल्यामुळे अ‍ॅन तिला घेऊन सुमारे दोन आठवडे बागेतील लहान घरात वेगळी राहिली. आज्ञापालनावाचून ज्ञानाला वाट नाही असे तिचे तेव्हाचे मत होते. आत्मचरित्रात या झगड्याला जवळजवळ स्थान नाही. ३ एप्रिलच्या पत्रात दिनक्रम येतो : सकाळी बाग, नंतर मणी ओवणे, व्यायाम, आणि बारा ते एक नव्या शब्दांचा तास. त्याच पत्रात हेलनने आपली बाहुली मातीत पेरली आणि ती बाईंइतकी उंच वाढेल असे खुणेने सांगितले, अशी नोंद आहे. खेळात मुलाचे तर्कशास्त्र कसे उघडे पडते याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

५ एप्रिलच्या पंपाच्या प्रसंगाची दोन रूपे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. पत्रानुसार हेलन ‘पेला’ आणि ‘दूध’ या शब्दांची गल्लत करीत असे, आणि दोहोंसाठी पिण्याचा अभिनय करी. त्या सकाळी तिने पाण्याचे नाव विचारले. तो शब्द वापरून ही गाठ सोडवावी म्हणून अ‍ॅन तिला पंपाशी घेऊन गेली. म्हणजे हा एक योजलेला प्रयोग होता. आत्मचरित्रात मात्र बाहुली फुटते, फुलांचा दरवळ येतो, शब्द आत्म्याला जाग आणतो, आणि परतल्यावर बाहुलीच्या तुकड्यांपाशी पश्चात्ताप होतो. पत्रात भाषिक अडचण आहे. आत्मचरित्रात धर्मांतराच्या कथांचा आकृतिबंध आहे. एका रूपाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरविण्याचे कारण नाही. पण पालक आणि शिक्षक यांना उपयोगी पडेल असे रूप पहिलेच होय.

त्यानंतर पाचच दिवसांनी, १० एप्रिलच्या पत्रात, अ‍ॅनने ठरावीक धडे सोडून दिल्याचे कळविले. नात्यातील पंधरा महिन्यांच्या बाळाला बोलता येत नसूनही पुष्कळ समजते, हे तिने पाहिले होते. बाळाच्या कानात आपण जसे बोलतो तसेच हेलनच्या तळहातात, पूर्ण वाक्यांत, दिवसभर बोलावे. उत्तराची घाई करू नये, असा निष्कर्ष तिने काढला. खेळ आणि निसर्ग यांना शैक्षणिक मूल्य आले ते येथून. नदीकाठच्या जुन्या धक्क्यापाशी खड्यांचे बांध, बेटे आणि सरोवरे करताना भूगोल आला. काचपात्रातील बेडूकमाशांतून वाढीचा नियम आला. मणी ओवताना अडखळलेल्या मुलीच्या कपाळाला स्पर्श करून ‘विचार’ हा अमूर्त शब्द आला.

३

या पद्धतीच्या मर्यादाही ग्रंथच सांगतो. अंकगणित हेलनला रुचले नाही. मण्यांचे पाच-सहा गट झाले की तिचा धीर संपे. निसर्गही सदैव वत्सल नव्हता : बाई जेवण आणण्यासाठी घरी गेल्या असता झाडावर एकटी बसलेली हेलन अकस्मात वादळात सापडली, आणि पुन्हा झाडावर चढण्याचे धैर्य यायला तिला बराच काळ लागला.

याहून गंभीर प्रश्न भाषेचाच आहे. इतरांचे शब्द तळहातात अखंड ओतले गेले की आपले कोणते आणि परके कोणते? १८९१ साली हेलनने लिहिलेली हिमराजाची कथा मार्गारेट कॅनबी यांच्या कथेशी फार जुळते असे आढळले, आणि बारा वर्षांच्याही न झालेल्या मुलीला पर्किन्समध्ये चौकशीला तोंड द्यावे लागले. ही कथा आपणास कधी वाचून दाखविली गेली याची तिला आठवण नव्हती. जी विपुलता तिला भाषा देते तीच तिच्या लेखनावर संशयाची छाया टाकते. तथापि, प्रत्येक मूल उसन्या शब्दांनीच बोलू लागते. हेलनच्या बाबतीत ती उसनवारी दिसून आली, एवढाच फरक.

किमतीचाही विचार हवा. या घरच्या शाळेसाठी एका व्यक्तीचे संपूर्ण आयुष्य लागले. १९३६ साली मृत्यू होईपर्यंत अ‍ॅन हेलनची सोबतीण राहिली. शिवाय बाग आणि पगारी शिक्षिका असलेले घर लागले. खुणा समजून घेणाऱ्या मार्थाला कोणी शिकविले का, हे बालपणाच्या त्या प्रकरणातून कळत नाही. ते मौनही वाचले पाहिजे.

भारतात बालशिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने बहुविध किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला आहे. त्यामुळे हा ग्रंथ केवळ प्रेरणेचा विषय राहात नाही. आत्मचरित्र तेवढे वाचले तर पालकाच्या मनात एका चमत्काराची प्रतीक्षा रुजते, आणि तो न घडल्यास अपराधीपणा येतो. पत्रे वाचली तर चमत्काराच्या जागी निरीक्षण, चूक, वेळापत्रकाचा त्याग आणि अखंड संभाषण दिसते. मातीत पेरलेली बाहुली उगवणार नाही हे मुलाला लगेच सांगायचे की त्याच्याबरोबर वाट पाहायची, हा निर्णय घेणारे माणूस जवळ असेल तेथेच बाग शाळा होते. ते माणूस पालकाला कसे मिळेल आणि त्याचा भार कोण उचलील, हे कायद्याच्या एका कलमाने सुटणारे नाही.