बायोचार कुंडीत घालण्याआधी

बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीत काही जण मिळून गच्चीवर भाजी लावतो. एकदा कुंड्यांसाठी बाहेरून बायोचारची, म्हणजे मातीत मिसळायच्या कोळशाची, पोती मागवली. पोते उघडताच डांबराचा उग्र वास आला. हाताला लागलेले काळे नुसत्या पाण्याने निघेना. तळाशी अर्धवट जळालेल्या प्लायवूडच्या कडा होत्या आणि एका तुकड्यावर पिवळ्या रंगाचा पापुद्रा. सोसायटीतल्या एका काकूंनी थोडा माल मातीत मिसळून मेथी पेरून पाहिली. साध्या मातीतली मेथी तरारून आली, या कुंडीतली जेमतेम उगवली. तो माल आम्ही वापरला नाही.

बायोचारमध्ये दोन तऱ्हेचे विष असू शकते आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिले भट्टीत तयार होते. धूर बाहेर न पडता आतच निवला, की त्यातले डांबर आणि पीएएच गटातली रसायने कोळशावर बसतात. यातलेच बेंझो-ए-पायरीन माणसाला कर्करोग करते, हे सिद्ध झाले आहे. पीव्हीसीचे तुकडे किंवा गोराईच्या किनाऱ्यावर वाहून आलेले खारे लाकूड भट्टीत गेले, तर क्लोरीनमुळे डायॉक्सिनचाही धोका असतो.

दुसरे विष कच्च्या मालातूनच येते: शिसे, क्रोमियम, आर्सेनिक. धातू जळून नष्ट होत नाहीत. चार किलो लाकडाचा एक किलो कोळसा झाला, तर त्यातल्या शिशाचे प्रमाण जवळपास चौपट होते. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. आपल्याकडे पुनर्विकासात निघणारी दारे-खिडक्या त्याआधीची असतात, म्हणून ते लाकूड बायोचारसाठी नकोच.

बायोचार घेताना किंवा करवून घेताना एवढे पाळा:

• कच्चा माल नारळाच्या करवंट्या, छाटलेल्या फांद्या, बांबू असाच असावा; स्वच्छ आणि पूर्ण वाळलेला. रंगवलेले, पॉलिश केलेले लाकूड, प्लायवूड आणि एमडीएफ नको.
• भट्टीत वरून ज्योत हवी, म्हणजे धूर तिथेच जळतो. तापमान 500 अंशांच्या वर जावे.
• तयार कोळशाला डांबराचा वास नसावा. हात पाण्याने स्वच्छ व्हावा.
• कुंडीत घालण्याआधी दोन-तीन महिने कंपोस्टमध्ये मुरवा. पीएएचचा काही भाग त्यात कमी होतो. नुसते धुतल्याने राख आणि क्षार जातात, पीएएच फारसे जात नाहीत.
• शेवटी मेथी पेरून बघा. मात्र मेथी उगवली म्हणजे शिसे नाही, असे समजू नका. त्यासाठी प्रयोगशाळेत धातूंची तपासणीच लागते.
• हाताळताना कोळसा ओला ठेवा आणि मास्क लावा. ती भुकटी श्वासात जाऊ देऊ नका.

डांबर आणि पीएएच नीट जाळून, मुरवून कमी करता येतात. धातू मात्र एकदा मातीत गेले की काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून किंमत विचारण्याआधी विक्रेत्याला विचारा, “हा कशापासून केलाय?” नीट उत्तर मिळाले नाही, तर तो माल घेऊ नका. त्या कुंडीतली पालेभाजी आपल्याच घरातली मुले खाणार आहेत.