खरूज व नायटा : शिक्षकांसाठी आरोग्यपाठ

वर्गात एखादे मूल सारखे अंग खाजवू लागले की शेजारची मुले दूर सरकतात आणि पुष्कळदा ते मूल लाजेने शाळेस येणेच सोडते. ही गैरहजेरी टाळणे शिक्षकाच्या हाती आहे.

आयुर्वेदाने बहुतेक त्वचाविकारांचा विचार 'कुष्ठ' या व्यापक नावाखाली केला आहे. चरकसंहितेत सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे सांगितली असून पामा म्हणजे खरूज आणि दद्रू म्हणजे नायटा ही क्षुद्रकुष्ठांत येतात. म्हणून जुन्या ग्रंथांतील 'कुष्ठ' म्हणजे सर्वत्र आजचा कुष्ठरोग असे समजू नये. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात तर अंगस्पर्श, एक शय्या, एकमेकांची वस्त्रे इत्यादींमुळे हे विकार पसरतात, असे सांगितले आहे. पाठाचा मुख्य धागा हाच होय.

आजचे वैद्यक कारण नेमके दाखविते. खरजेचा सूक्ष्म किडा त्वचेत बीळ करून अंडी घालतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व कमरेभोवती पुटकुळ्या येतात, रात्री खाज वाढते. प्रथमच लागण झाल्यास लक्षणे दिसण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर घरातील इतरांसही ती झालेली असते. नायटा मात्र बुरशीमुळे होतो व दमट हवेत, ओल्या कपड्यांत फोफावतो.

कारण दूर करणे, म्हणजेच निदानपरिवर्जन, ही आयुर्वेदाची पहिली चिकित्सा होय. खरजेत ती अशी साधते : आरोग्य केंद्रातून मिळणारे औषध घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी लावावे व सांगितल्याप्रमाणे पुन्हा लावावे. त्याच दिवशी कपडे व अंथरूण-पांघरूण कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. एकट्या मुलास औषध लावल्यास रोग घरातूनच परत येतो.

वनौषधींबाबत विवेक हवा. टाकळ्याचे संस्कृत नाव 'दद्रुघ्न', म्हणजे नायट्याचा नाश करणारा, असे आहे. करंज व कडुनिंब हेही परंपरेने वापरात आहेत. गंधकाचे मलम तर आधुनिक वैद्यकही खरजेवर वापरते. तथापि पाला वा तेल चोळून दिवस दवडू नयेत. उपचार वैद्याच्या वा डॉक्टरच्या सल्ल्यानेच करावा. दुकानातून मनाने आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमाने नायटा तात्पुरता दबतो व पुढे अधिक पसरतो.

वर्गातील काम : (१) स्वतःचा पंचा व कंगवा वेगळा का ठेवावा, हे मुलांकडून काढून घ्यावे. (२) नखे कापणे व ओले कपडे बदलणे यांची आठवड्यातून एकदा पाहणी करावी. (३) परिसरातील टाकळा, करंज व कडुनिंब ओळखावयास लावावे. (४) खरूज झालेल्या मुलाचे नाव वर्गात न उच्चारता पालकांस भेटावे. पहिला उपचार झाला की दुसऱ्या दिवशी मूल शाळेत येऊ शकते.

एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट वा लालसर, न खाजणारा व स्पर्श न कळणारा चट्टा दिसल्यास त्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात पाठवावे. तो कुष्ठरोग ठरला तरी शासकीय केंद्रात उपचार विनामूल्य मिळतो व वेळीच घेतल्यास व्यंग टळते.

रोगास दूर करावयाचे आहे, मुलास नव्हे, हे मुलांस कळले की पाठ सफल झाला.