हँडल उंच करताय? आधी केबल मोजा

माझी हिमालयन मोटारसायकल हँडल बदलायला दुकानात ताब्यात देतानाच मी विचारलं होतं, ‘‘हँडल एवढं वर जाणार, मग केबलचं काय?’’ दुकानदार म्हणाला, ‘‘एन आगूदिल्ल बिडरी सर.’’ काही होत नाही, सोडा. वर म्हणाला, असल्या कितीतरी हिमालयन केल्यात आम्ही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे याच माणसाने मला तोंडावर सांगितलं की तुम्ही केबलचा विषयच काढला नव्हता.

हँडल उंच का हवं होतं, ते हुबळी-धारवाडकडच्या टूरवाल्यांना सांगायला नको. दांडेलीला जा, अनमोडवरून गोव्यात उतरा, नाहीतर यल्लापूरमार्गे अंकोला गाठा. रस्ता फुटलेला लागला की फूटपेगवर उभं राहायचं. माझ्या उंचीला मूळ हँडल धरून उभं राहायचं तर कंबरेतून वाकावं लागतं, आणि संध्याकाळपर्यंत मान-खांदे भरून येतात. गरज खरी होती. हौस म्हणून कोणी काही करायला गेलेलं नव्हतं.

नवं हँडल बसवून अंकोल्याला निघालो. त्या वाटेवर अरबैल घाट लागतो. उताराचं डावं वळण, समोरून भरलेला ट्रक. मी हँडल डावीकडे पुरतं वळवलं आणि मनगट जागचं हललेलं नसताना इंजिनाचा आवाज चढला. गाडी आपोआप पुढे ओढायला लागली, तीही ट्रकच्या दिशेने. क्लच दाबला, ब्रेक धरला, कशीबशी कडेला घेतली. मग न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून हँडल सावकाश फिरवून बघितलं. सरळ धरलं की आरपीएमचा काटा जागेवर, डावीकडे नेलं की वर. उजवीकडे टोकाला नेलं की क्लचच्या लिव्हरमधला सगळा प्ले गायब. टाकीच्या पुढच्या बाजूला वाकून पाहिलं, तर ब्रेकचा होज ताणून सरळ झालेला, बँजो बोल्टपाशी रबर मुडपलेलं आणि त्या मुडपीवर बारीक चिरा. ब्रेक ऑइलचा ओघळ टाकीच्या कडेपर्यंत आलेला आणि तिथला रंग फोड आल्यासारखा उचललेला. डॉट ४ ऑइल रंग खातं, हे त्या दुकानातल्या पोराला माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्याने जुनेच कॉपर वॉशर परत लावले होते.

असं का होतं? थ्रॉटलची केबल कंपनीने मूळ हँडलच्या मापाने दिलेली असते. हँडल वर आणि मागे आलं की तिच्यातला ढिलेपणा संपतो. मग हँडल वळवताना केबलच ओढली जाते, आणि ती ओढली जाणं म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर देणंच. क्लचची केबल ताणली की क्लच अर्धवट सुटलेला राहतो, चढावर स्लिप होतो, प्लेटा जळतात. तिसरी गोष्ट वायरिंगची. स्विचच्या वायरी हेडस्टॉकपाशी ताणल्या गेल्या की आतल्या आत तुटतात आणि मग पावसात, रात्री हेडलाइट दगा देतो.

परत जाऊन जाब विचारला तेव्हा दुकानदाराची उत्तरं ऐकण्यासारखी होती. आधी म्हणाला, केबल कंपनीचीच आहे, मी बदलली नाही. अहो, तीच तर तक्रार आहे! मग म्हणाला, तुम्हीच उंच मागितलंत. शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, फार ताणू नका सर, मॉडिफिकेशन तुमच्यावरच येईल. हे शेवटचं खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मालकाच्या फेरफारांवर बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे लावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पैसे मोजून घेताना हे त्याला आठवत नव्हतं. तेव्हा काम करण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि पक्कं बिल घ्या. मला कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला होता. तो कुठेच चालत नाही.

आता निवडीबद्दल. आधी हँडलच बदलायला धावू नका. २५-३० मिलिमीटरचे रायझर लावून बघा. पुष्कळदा तेवढ्याने काम भागतं आणि मूळ केबल पुरते. पुरते की नाही ते मात्र फिरवून तपासायचं, दुकानदाराच्या तोंडून ऐकायचं नाही. हँडलच घ्यायचं तर क्लॅम्पपाशी जाडी २२ मिलिमीटर आहे की टेपर हँडलची २८.६, ते मोजा. नुसती उंची बघू नका. मागे किती येतं आणि रुंदी किती, यावर मनगटाचं सुख अवलंबून असतं. गाडीवर उभे राहा, डोळे मिटा, हात सहज जिथे येतील तिथे कोणाला तरी टेपने माप घ्यायला सांगा. कोपर थोडं वाकलेलं, मनगट सरळ. फार उंच गेलात तर अंगाचा भार मागे जातो, पुढचं चाक हलकं लागतं आणि छातीवर वारा घेऊन बसावं लागतं. गब्बूर ते नरेंद्र बायपासला समोरच्या ट्रकचा झोत बसतो तेव्हा ते कळतं.

कित्येक गाड्यांच्या स्विचच्या डबीत आत एक छोटी पिन असते. ती हँडलच्या भोकात बसते. बाजारातल्या हँडलला भोक नसलं की फिटर ती पिन घासून टाकतात आणि मग थ्रॉटलची डबीच हँडलवर फिरते. समोर उभं राहून भोक पाडून घ्या.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. आवाज जरासा जरी बदलला तरी गाडी उचलू नका. हात टाकीला घासतो का बघा. होज लांबीचा नवा, वॉशर नवे, ऑइल नवं, आणि एबीएसच्या गाडीचं ब्लीडिंग ज्याला जमतं त्याच्याकडूनच. हिमालयन ४५० ला राइड-बाय-वायर आहे, थ्रॉटलची केबलच नाही. पण वायर, क्लचची केबल आणि होज आहेतच, त्यामुळे ती चालवणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये.

चांगला मिस्त्री शोधा, घाई करू नका, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो. मला धारवाडात एक मिळाला. त्याने लांब केबल आणि होज मागवले आणि ते येईपर्यंत गाडीला हात लावला नाही.

आणि काढलेलं जुनं हँडल त्याच दिवशी घरी आणा. मी मागायला गेलो तेव्हा माझं भंगारात गेलं असं सांगण्यात आलं. आरटीओत मूळ स्थितीतली गाडी दाखवायची वेळ आली, तेव्हा मला ते नवं विकत घ्यावं लागलं, आणि त्याचे पैसे त्या दुकानदाराने आजपर्यंत दिलेले नाहीत.