मॅनहोलमधील वायू व सफाई कामगाराची सुरक्षितता

रस्त्याने जाताना लोखंडी गोल झाकणे आपण रोज ओलांडतो. त्यांखाली काय आहे हा विचार क्वचितच मनात येतो. शहराचे सांडपाणी वाहून नेणारी भुयारी गटारे तेथे असतात, आणि ती तुंबली म्हणजे नगरपालिकेच्या किंवा ठेकेदाराच्या माणसास कित्येक ठिकाणी अद्यापही आत उतरावे लागते. त्यास खरे भय असते ते न दिसणाऱ्या वायूचे.

सांडपाण्यातील घाण हवेवाचून कुजू लागली म्हणजे मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू उत्पन्न होतात. दुसऱ्याशी विद्यार्थ्यांचा परिचय आहेच. प्रयोगशाळेतील किपच्या उपकरणातून निघणारा, सडक्या अंड्यांच्या वासाचा तोच हा वायू. त्याचा रेणुभार 34 व हवेचा सरासरी 29. म्हणून तो तळाशी साचतो. शिवाय गाळात कोंडलेला वायू गाळ ढवळताच एकदम मोकळा होतो. वरून निर्धोक वाटलेली जागा पहिल्या फावड्यासरशी प्राणघातक ठरते ती यामुळेच.

त्याचे कपट याहून निराळे आहे. प्रमाण अल्प असता दुर्गंधी येते. परंतु हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायू सुमारे 100 भाग झाला की घ्राणेंद्रिय बधिर होते. वास गेला, म्हणजे वायू गेला, असे मानून मनुष्य पुढे सरकतो. प्रमाण याच्या दहापट झाले तर एकदोन श्वासांतच तो कोसळतो. त्यास काढावयास दुसरा उतरतो, मग तिसरा. असे वृत्त आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो. नाकास बांधलेला रुमाल धूळ अडवील, वायू नव्हे.

पूर्वी लेड ॲसिटेटमध्ये भिजविलेली कागदाची पट्टी दोरीने खाली सोडीत; ती काळी पडली की हा वायू आहे असे समजत. काळा रंग लेड सल्फाइडचा. आता हातात मावणारे वायुमापक मिळते. ते प्राणवायूही मोजते. हवेत तो सुमारे 21 टक्के असतो, आणि 19.5 टक्क्यांहून कमी भरल्यास उतरू नये. आजूबाजूची झाकणे उघडून पंख्याने ताजी हवा आत सोडावी लागते. पेटता दिवा मात्र कदापि नेऊ नये, मिथेन भडकतो.

संरक्षक साधनांवाचून कोणासही गटारात उतरविणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबास 10 लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले. 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. वायुमापक तिच्या अल्पांशात येते, हे हिशेब ठेवणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे! तिरुवनंतपुरमात 2018 पासून यंत्रमानवाकडून मॅनहोल साफ करून घेण्यास प्रारंभ झाला.

जेथे माणसास उतरणे अटळच आहे, तेथे त्याच्या छातीस व मांड्यांस पट्टे बांधतात आणि त्यांचा दोर मॅनहोलवरील तिपाईच्या रहाटास अडकवितात. वर एक माणूस सतत उभा असतो. खालून उत्तर आले नाही, तर त्याने आत उतरावयाचे नसते. रहाट फिरवावयाचा असतो.