विकतच्या लिंका

अठरा हजार रुपयांत पाच हजार बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंका. आज लाज वाटते, पण त्या दिवशी पुण्यातल्या त्या चकचकीत ऑफिसात चहा पीत मी मान डोलावली होती. वर ‘जीएसटी धरून का?’ एवढंच विचारलं.

देवगडची आमची बाग. वाशीच्या दलालाची पट्टी बघून दरवर्षी डोकं फिरायचं, म्हणून थेट पेट्या विकायला वेबसाइट काढली. दोन वर्षं बरी चालली. मग त्या पुण्याच्या एजन्सीचा माणूस भेटला. ‘सर, तुमचा डीए नऊ आहे, चाळीसवर नेतो. पाडव्यापर्यंत पहिल्या पानावर.’ दर महिन्याला त्याचा रंगीत रिपोर्ट यायचा, रेष वर चढलेली. डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी हा मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा आकडा आहे, गूगल तो वापरतच नाही, हे मला फार उशिरा कळलं.

वडिलांना रिपोर्ट दाखवला तर म्हणाले, ‘मोहोर इलो म्हणान आंबो इलो असा नाय.’ मी त्यांना इंटरनेटमधलं काय कळतं, असं मनात म्हटलं.

एप्रिलचा पहिला आठवडा. पहिली तोड उतरलेली, आंबा अढीत, आणि फोन गप्प. एरवी या दिवसांत जेवायला फुरसत नसते. बागेचं नाव गूगलवर टाकलं. आपलंच नाव, आणि आपली साइट नाही! दुसऱ्या पानावर नाही, पाचव्यावर नाही. भाच्याला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘मामा, सर्च कन्सोल कोणाच्या नावावर आहे?’

सर्च कन्सोल म्हणजे गूगल साइटमालकाला साइटबद्दल जिथे कळवतं ते खातं. ते एजन्सीच्या जीमेलवर होतं. मला प्रवेशच नव्हता. तीन दिवस फोन केल्यावर मिळाला, आणि उघडल्या उघडल्या मॅन्युअल अ‍ॅक्शनची नोटीस: गूगलच्या माणसाने तपासून कारवाई केलेली, कारण साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंका. तारीख जानेवारीची. म्हणजे ही नोटीस त्याच्या मेलवर तीन महिने पडून होती आणि त्या तीन महिन्यांत त्याने मला तीन रंगीत रिपोर्ट पाठवले. पैसे घेतले ते वेगळेच. बुडालेल्या हंगामापेक्षा मला हे जास्त लागलं.

मग लिंका बघत बसलो. रशियन कॅसिनो, इंडोनेशियातला जुगार, कुठलंसं बुटांचं दुकान, आणि त्या सगळ्यांत शेकडो ठिकाणी एकच वाक्य: ‘बेस्ट देवगड हापूस ऑनलाइन’. माणूस असं लिहितो का? कोणी मनापासून लिहिलं तर ‘त्या देवगडच्या काकांचे आंबे’ असं लिहील, किंवा नुसतं ‘इथे बघा’. शब्द न् शब्द तोच असला, तर यंत्राला काय, शेंबड्या पोरालाही कळेल.

त्याला विचारलं. आधी म्हणाला, ‘गूगलचा अपडेट आलाय, सगळ्यांचंच झालंय.’ मग म्हणाला, कोणा स्पर्धकाने केलं असेल. शेवटी बारा हजारांत ‘क्लीन-अप पॅकेज’ देऊ केलं. आग लावायची आणि बंबाचं भाडंही घ्यायचं!

लिंक म्हणजे शिफारस, ही मूळ कल्पना चुकीची नाही. स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 च्या निबंधात मांडलेला पेजरँक त्यावरच उभा होता: शोधनिबंधांचे जसे दाखले मोजतात तशा लिंका मोजायच्या, आणि वजनदार पानाचा दाखला जास्त धरायचा. पण शिफारशी विकत मिळू लागल्या, तसं 2012 मध्ये गूगलने अशा लिंका हेरणारं पेंग्विन आणलं. 2016 पासून पेंग्विन अशा लिंका बहुतेक वेळा नुसत्या मोजत नाही. माझ्यासारखं ढीगभर केलं, तर मात्र गूगलचा माणूस तपासतो.

तेव्हा सर्च कन्सोल स्वतःच्या जीमेलवर ठेवा, एजन्सीला फक्त प्रवेश द्या. निदान एवढं तरी कराच. एजन्सीकडे दहा लिंका मागा आणि स्वतः उघडून बघा. पैसे देऊन कुठे उल्लेख करून घेतलात, तर त्या लिंकेला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी खूण असायलाच हवी. पहिल्या पानाची हमी देणाऱ्यापासून लांब राहा, हे तर सगळेच सांगतात, ऐकत कोणी नाही.

नोटीस नसेल तर डिसअव्हाऊच्या, म्हणजे ‘या लिंका धरू नका’ अशी यादी गूगलला देण्याच्या, वाटेला जाऊ नका. कुठल्यातरी फालतू साइटची लिंक सगळ्यांनाच लागते. मला ते करावं लागलं, आणि सर्च कन्सोलमधल्या ‘डोमेन’ प्रकारच्या प्रॉपर्टीवर ते चालतच नाही, हे कळेपर्यंत अर्धा दिवस गेला. रागाच्या भरात यादीत मी बेंगळुरूच्या एका मराठी मंडळाचं पानही टाकलं. त्यांनी गुढीपाडव्याच्या जेवणासाठी आंबे नेले होते आणि आपणहून आमचा पत्ता दिला होता. अख्ख्या यादीतली ती एक खरी लिंक. भाच्याने ती यादीतून परत काढायला लावली.

फेरविचाराचा पहिला अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्यात कोणाला किती पैसे दिले, कोणाकोणाला लिंक काढायला मेल केले, सगळं लिहिलं. जुलैत नोटीस उठली. बाहेर धो धो पाऊस, बागेत एक आंबा नाही. नोटीस उठली म्हणून जुनी जागा परत मिळाली, असंही नाही. ती विकतच्या लिंकांवर चढली होती, त्या आता मोजल्याच जात नाहीत.

त्या एजन्सीच्या साइटवर ‘आमचे समाधानी ग्राहक’ या यादीत आमच्या बागेचं नाव लिंकेसकट अजून आहे. काढा म्हणून तीन मेल केले. उत्तर नाही.